दाराआड कुणी नव्हतं

सिनेमा सुटला आणि जिन्यात गर्दी तुंबली. माझ्या पुढे दोन अनोळखी बायका बोलत होत्या.

“काय काम केलंय हो त्या कुत्र्यानं! मालकाची वाट बघताना दारावरची नजर हलत नाही.”

“त्याला आमच्या ह्यांनीच शिकवलंय. शूटिंगच्या वेळी हे दाराआड लपायचे, म्हणून तो तिकडे बघायचा.”

“अगं बाई! शेवटच्या प्रसंगातही?”

“नाही. त्याच्या आधीच हे अचानक गेले. दाराआड कुणीच नव्हतं.”

“मग?”

“दिग्दर्शक म्हणाले, कुणी काही बोलू नका, नुसता कॅमेरा चालू ठेवा.”

“अंगावर काटा आला बघा. आता कुठे असतो तो?”

“माझ्याकडेच. दारासमोर बसून असतो. कडी वाजली की शेपटी हलवत उठतो. म्हणून हल्ली मी मागच्या दारानं ये-जा करते.”