बाबा, गिळा

अगं, स्वतःच्या वडिलांना 'गिळा' म्हणायची वेळ आलीय का तुझ्यावर? माझ्यावर आली.

आई गेल्यावर मी बाबांना पुण्याहून इकडे न्यूझीलंडला, अप्पर हटला घेऊन आले. पुढे त्यांना पाणी पितानाही ठसका लागायला लागला, म्हणून थेरपिस्टने माझ्या फोनवर गिळण्याच्या व्यायामाचं अ‍ॅप घालून दिलं. त्यातली बाई बोलणार पक्क्या किवी इंग्रजीत, म्हणून बाबांना मराठीत सांगायचं काम माझं.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "स्वॉलो."

मी म्हटलं, "बाबा, गिळा."

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बापाला गिळा म्हणतेस? आणि ताट कुठंय?"

"अहो, रिकाम्या तोंडानेच गिळायचंय. म्हणजे... आवंढा गिळा."

"असं होय!" बाबा हसले. मग म्हणाले, "त्याला अ‍ॅप कशाला हवं गं? इथे विमानातून उतरल्यापासून तेच तर करतोय."

फोनमधली बाई मात्र खूश होती. "वेल डन! वन्स मोअर!"

या वेळी आम्ही दोघांनीही गिळला.