झेंडूच्या बरण्या

सन्माननीय अध्यक्ष रुद्रप्पाअण्णा, व्यासपीठावरील हेडमास्तरसाहेब, माझ्या जागी येणारे पंचाक्षरी, सहकारी, विद्यार्थी आणि सोलापूरकर मंडळी,

अध्यक्ष म्हणाले, पाण्यात मीठ विरघळावं तसे गंगाधर मास्तर या शाळेत विरघळून गेले. टाळ्या पडल्या. मी शास्त्राचा शिक्षक. निरोपाच्या दिवशीही उपमा तपासतो.

मीठ पाण्यात विरघळतं खरं. पण त्याच खारट पाण्यात स्पिरिट ओतलं, की त्यातलं बरंचसं मीठ पुन्हा खाली बसतं. सगळे क्षार असे वागत नाहीत. काही स्पिरिटातही खुशाल राहतात. कोणता क्षार किती स्पिरिट सोसतो? एवढंच मला मोजायचं होतं. पुस्तकांत आकडे आहेत, ते थंड देशांतले. सोलापूरच्या उन्हाळ्यातले कुणी मोजावेत?

स्पिरिटाला आबकारी खात्याचा परवाना लागतो, आणि परवान्याच्या अर्जावर अध्यक्षांची सही. अध्यक्ष दारूबंदीच्या सभांचेही अध्यक्ष. दरवर्षी मला विचारत, "मास्तर, पाण्यात विरघळतंय की. मग दारू कशाला?" मी समजावून सांगे. ते मन लावून ऐकत. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न.

यंदा सही झाली. मी जाणार म्हणून असेल. एक बाटली आली. मी बरण्या मांडल्या. पहिलीत नुसतं पाणी, पुढच्या प्रत्येकीत स्पिरिट थोडं वाढवत नेलेलं, आणि प्रत्येकीच्या तळाशी जास्तीचं मीठ. रोज हलवायच्या. पाण्याला घ्यायचं तेवढं मीठ घेऊ द्यायचं. मग वरचं निवळ काढून आटवायचं आणि उरलेलं मीठ तोलायचं. आज सकाळी तोलणार होतो.

त्या बरण्या आपल्यासमोर आहेत, या टेबलावर. झेंडू सुरेख आहेत. बरण्यांचा क्रम तेवढा चुकला आहे.

सकाळी आमच्या सिद्धाराम शिपायाला विचारलं. म्हणाला, "सर, लई वास मारत हुता, समदं वतून टाकलं. अध्यक्ष बसणार हितं. मी नसतो तर तुमची अब्रू गेली हुती की!"

हसू नका. त्यानं प्रेमानं केलं. त्याला मी काय बोलणार? या शाळेत स्पिरिटाचा वास म्हणजे दारूचा वास, हे त्याला कुणी शिकवलं? आणि दुसरं काही त्याला शिकवायला माझ्याजवळ इतकी वर्षं होती, ती मी अर्ज लिहिण्यात घालवली.

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. अण्णा, मागणं एकच. पंचाक्षरींना पहिल्याच वर्षी सही द्या. नुसत्या पाण्यावर का भागत नाही, ते त्यांच्यातर्फे मी आत्ताच सांगून टाकलं आहे.

अण्णा मान डोलावताहेत. ही मान मी ओळखतो. दरवर्षी अशीच डोलायची.

आपण वेळ काढून आलात, माझ्याविषयी चांगलं बोललात. मी ऋणी आहे. बोलता बोलता कुठे मर्यादा सुटली असेल, तर आजच्यापुरती पोटात घाला.

आणि सिद्धाराम, फुलं काढलीस की बरण्या नीट धुऊन ठेव. आता धुवायला हरकत नाही.