पावाचा शुक्रवार

लढाई पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरापर्यंत आली, त्या हिवाळ्यात आम्ही जर्मन शेतकरी गिरणीतसुद्धा हळू आवाजात बोलायचो. रांगेत माझ्यापुढं म्हातारा योस्ट आणि त्याचा शेजारी फेल्टेन गव्हाच्या पोत्यांवर बसले होते.

“योस्टकाका, माझं दळण आधी टाकू द्या. घरात चिमूटभर पीठ नाही. परवापासून पोरं नुसते उकडलेले सलगम खातायत.”

“टाक की. पण बायकोला एकटीला ठेवून आलास? डोंगराखालचं रीगलचं घर हल्लेखोरांनी जाळलं, ऐकलंस ना?”

“ऐकलं. ती सोडतच नव्हती मला. म्हटलं, दार आतून लावून घे, जेवायच्या वेळेला येतोच.”

“कुत्रा आहे ना दाराशी?”

“आहे. पण सकाळपासून जंगलाकडं तोंड करून गुरगुरतोय.”

“कोल्हा असेल.”

“मीही तिला तेच सांगितलं.”

“फेल्टेन, तुझ्या घराच्या बाजूला तो धूर कसला रे?”

“कुठं? हां, तो होय. घाबरवलंत की काका. आज शुक्रवार ना? अंगणातली पावाची भट्टी पेटवली असेल. आपल्या बायकांचा शुक्रवार कधी चुकलाय का?”

“चुकत नाही खरा. पण फार काळा दिसतोय.”

“लाकडं ओली असतील. माझ्या आपोलोनियाचा पाव खाऊन बघा एकदा, तुमची म्हातारी विसराल.”

“फेल्टेन.”

“काय?”

“पाव कशाचा करतेय रे ती?”