बर्फवाल्याचा कोट

...नाही, पण मी म्हणतो, एवढं सांगायचंच होतं तर हळूच कानात सांगा ना! टीव्हीवर सगळ्या जगासमोर ती बाई नकाशावर हात फिरवत सांगतेय, "यंदा किनारपट्टीवर हिवाळा नेहमीपेक्षा कडक राहण्याची शक्यता!" आणि स्वतःच्या अंगात काय, तर बिनबाह्यांचा झगा! अगं बाई, आधी तू एखादी शाल घे, मग आम्हाला घाबरव!

थंडी म्हणे! आमच्याकडे? या समुद्रकाठी? अहो, पहाटे जमिनीवरून बोचरा वारा सुटतो, होड्यांच्या दोऱ्या दवाने ओल्या होतात, तेवढाच आमचा हिवाळा. दुपारी जेवायला बसेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो. आणि तुम्हाला सांगतो, माझं दुकान पंख्यांचं! हो, पंख्यांचं! छताचे, भिंतीचे, टेबलाचे. त्या बाईने "कडक हिवाळा" म्हटलं आणि दुकानातले झाडून सगळे टेबलफॅन माझ्याकडे बघून नाही-नाही करत मान हलवायला लागले. पण दुकानाचं सोडा हो... दुकान गेलं खड्ड्यात. मला कापरं भरलं ते बाबांमुळे.

गेल्या हिवाळ्यात बाबांना न्यूमोनिया झाला होता. कसेबसे परत आणले. डॉक्टर आमचे ओळखीचे, तोंडाने फाटके. मला दाराबाहेर नेऊन म्हणाले, "या खेपेला वाचले. पुन्हा छातीला गारठा लागला तर मला फोन करू नका, नातेवाइकांना करा." असं बोलतात का हो माणसाशी? पण डोळ्यांत पाणी त्यांच्याही होतं, म्हणून मी भांडलो नाही.

आणि आमचे बाबा काय करतात? रोज पहाटे उठून धक्क्यावर जातात, होड्या परत येताना बघायला. कशात? बनियनमध्ये! ही मागून स्वेटर घेऊन धावतेय, "बाबा, अहो बाबा, टीव्हीवर सांगितलंय!" आणि बाबा मागे वळूनही बघत नाहीत. "थंडी म्हणे! ही कसली थंडी?"

आता त्यांचंही खोटं नाही. बाबा बर्फाच्या कारखान्यात होते. अख्खी हयात! बंदरातल्या सगळ्या होड्यांना बर्फ तिथून जायचा. मी लहान असताना सुट्टीत त्यांचा डबा घेऊन जायचो. बाहेर डांबर वितळून चपलेला चिकटतंय, आणि ते भलंमोठं जाड दार उघडलं की आतला गारवा... अहो, डोळ्यांना दिसायचा! पांढराशुभ्र, जमिनीवरून लोळत यायचा. मागोमाग आमचे बाबा, जाडजूड कोट, मिशीवर बर्फाचे कण, राजासारखे! आतून कुणीतरी ओरडायचं, "दार लावा, गारवा पळतोय!" मग बाबा कोट काढून बाहेरच्या खुंटीला अडकवायचे आणि दोन्ही हात माझ्या मानेवर ठेवायचे. मी असा किंचाळायचो की धक्क्यावरचे कावळे उडायचे. आणि मनात म्हणत असायचो, बाबा, हात एवढ्यात काढू नका... एवढ्यात काढू नका. तसं गार मला पुढे कशानेच वाटलं नाही. आणि मी विकतो पंखे!

गेले ते दिवस. कारखाना बंद पडला, आता तिथे मोटारी धुतात. शेवटच्या दिवशी बाबा तो कोट हातावर टाकून घरी आले. हातावर, बरं का! अंगात नाही. कारण त्यांचा कायदा होता एक, आणि तो मोडायचा नाही म्हणजे नाही. कोट आत. बाहेर पडलं की खुंटीला. बाहेरही कोट घालून हिंडेल तो नवखा! खलाशी त्याला लांबून हाका मारायचे, "काय पाहुणे, बर्फ बाधला काय?" आता सांगा, ज्या माणसाने हा कायदा जन्मभर पाळला, तो टीव्हीवरच्या बाईचं ऐकून स्वेटर घालेल?

पण आमची ही! डोकं चालवलंन. कपाटातून कोट काढला, डांबरगोळ्यांचा वास घालवायला दोन दिवस उन्हात टाकला, आणि बाबांच्या खोलीच्या दाराबाहेर खुंटी ठोकून त्यावर अडकवला. मला म्हणाली, "आता बघाच तुम्ही." मी बघितलं ना! बाबा फिरून आले, हात आपोआप खुंटीकडे गेला, कोट चढवला आणि खोलीत शिरले. ही आनंदाने टाळ्या वाजवायची बाकी राहिली. तेवढ्यात आतून आवाज आला, "दार लाव! गारवा पळतोय!"

झालं! भर दुपारी, खिडक्या बंद, पंखा बंद, आणि बाबा आत कोट घालून पेपर वाचतायत. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे? खोलीतून बाहेर आले, कायद्याप्रमाणे कोट काढला, खुंटीला अडकवला आणि बनियनवर निघाले धक्क्यावर! म्हणजे उकाड्यात कोट आणि गारठ्यात बनियन! डॉक्टरांना कळलं असतं तर त्यांनी आम्हा नवराबायकोलाच दवाखान्यात भरती केलं असतं. ही रडायला लागली. "अहो, खोकला सुरू झालाय त्यांना. रात्री ऐकला मी."

मग काय, दुसऱ्या दिवशी निघालो त्यांच्याबरोबर. मी चांगला गरगरीत माणूस, मला कसली थंडी? स्वेटर काखेत मारून चाललोय मागे, विनवण्या करतोय, "बाबा, माझ्यासाठी घाला. बाबा, सुनेसाठी घाला." बाबा पुढेच. वाऱ्यावर त्यांचं ते बनियन फडफडतंय, आतला माणूस केवढासा राहिलाय... ज्या हातांनी बर्फाच्या एवढाल्या लाद्या ओढल्या ते हात बघवेनात हो मला. आणि ते खोकले. तुम्हाला सांगतो, मला काय झालं कुणास ठाऊक, अंगाला कंपच सुटला. थंडीचा नव्हता तो. भीतीचा होता. दात कडाकडा वाजायला लागले, थांबता थांबेनात.

बाबा थबकले. वळून बघितलं. "तुला थंडी वाजतेय?"

मी म्हटलं, "हो, बाबा. फार."

बाबा तसेच मागे फिरले, तरातरा घरी गेले, मी मागे धापा टाकतोय. खुंटीवरचा कोट काढला, अंगात घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि पुन्हा उंबऱ्याबाहेर! मी बघतच राहिलो. म्हटलं, "बाबा, कोट? बाहेर?" तर मला म्हणाले, "नवखा कुडकुडायला लागला की जुन्याने कोट घालून त्याच्या शेजारी उभं राहायचं. त्याला एकट्याला लाज वाटू नये म्हणून. आमच्यात तसंच होतं. घाल तो स्वेटर, गाढवा!"

घातला. पन्नाशीच्या गाढवाने निमूटपणे घातला. धक्क्यावर दोघं उभे राहिलो, आणि बाबांनी आपला हात माझ्या मानेवर ठेवला. गार नव्हता हो. कोटाच्या खिशातून काढलेला, चांगला ऊबदार होता. मी समुद्राकडे तोंड फिरवून रडून घेतलं.

खोकला थांबलाय आता. डॉक्टर म्हणतात, "असंच चालू ठेवा." चालू ठेवा म्हणे! यांना काय जातंय सांगायला? कारण मी कुडकुडायचा थांबलो की बाबा कोट काढतात! म्हणजे रोज पहाटे मी कुडकुडायचं. घरी कुडकुडायचं. आणि हल्ली तर बाबा दुकानातही येऊन बसतात, नवख्यावर लक्ष ठेवायला. काल भर दुपारी एक गिऱ्हाईक आलं घामाघूम, म्हणालं, "शेठ, लवकर एक पंखा दाखवा, जीव चाललाय!" मी स्वेटरमध्ये, पाठीवरून घामाच्या धारा, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बाबा... हात कोटाच्या वरच्या बटणावर, डोळे माझ्यावर. काय करता? म्हटलं, "पंखा कशाला हो घेताय? यंदा थंडी फार आहे!"