गुनवोरचा रविवार

...आणि वर ही गुनवोर मलाच विचारते कशी, "पाय दुखतायत का गं, आस्लाउग?" पाय! अहो, पायांचं काय घेऊन बसलात, पाय दुखतात आणि थांबतात. पण हे इथं, छातीच्या आत, जिथं मैत्रीण म्हणून एक बाई एकतीस वर्षं बसवून ठेवलेली असते ना, तिथं कळ आली की कुठलं मलम लावायचं, सांगा बरं?

तुम्हाला सांगते, सुरुवात देवापासून झाली. नोव्हेंबरात आमच्या तोर्लाइफच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. नवरा हो माझा. मी चर्चमध्ये गुडघे टेकून म्हणाले, देवा, एवढ्या माणसाला नाताळला घरी आण, मार्चातल्या डोंगरपार दौडीत मी स्कीवरून बेचाळीस किलोमीटर जाईन आणि पलीकडच्या लाकडी चॅपेलात मेणबत्ती लावीन. आता असं बोलताना माणसाला भान असतं का? पाच किलोमीटर म्हटलं असतं तरी त्यानं ऐकलंच असतं, तो काय घासाघीस करणारा आहे? पण तोंडातून गेलं बेचाळीस! आणि तोर्लाइफ आला की हो घरी, नाताळच्या तीन दिवस आधी, दाढीबिढी विंचरून! आता माघार कशी घेणार? वय माझं अठ्ठावन्न. स्की म्हणाल तर टपालपेटीपर्यंत!

तेव्हा ही गुनवोर, माझी शेजारीण, शेजारच्याच बाकावरून म्हणाली, "एकटी कशी जाशील? मी आहे ना! पावलाला पाऊल. एकीनं पुढं जायचं नाही, एकीनं मागं राहायचं नाही." चर्चमध्ये म्हणाली हो! वेदीसमोर!

मग माझी भाची सिल्ये आली, ती फिजिओथेरपिस्ट. तिनं फ्रिजवर तक्ता चिकटवला. मंगळवारी आणि गुरुवारी वजनं, बुधवारी आणि शनिवारी लांब स्की, सोमवारी-शुक्रवारी नुसतं फिरणं. "आत्या, ज्या दिवशी वजन त्या दिवशी अंतर नाही. आणि रविवारी काहीही करायचं नाही. काही म्हणजे काही नाही! स्नायू कामानं वाढत नाहीत, काम झाल्यावर पडून राहिलं की वाढतात." मी म्हटलं, हे मला सांगतेस? अगं, देवानं सहा दिवस काम केलं, सातव्या दिवशी तोसुद्धा बसला!

पण घरात वजनं कुठली? तोर्लाइफ म्हणाला, "सरपणाचा ढीग आहे की! एक ओंडका मिठीत घे, खाली बस, ऊठ. उठलीस की आतच आणून टाक, चुलीला होईल." म्हणजे बघा, व्यायामही माझा आणि सरपणही माझंच! पहिल्या आठवड्यात मांड्या अशा भरल्या की पायऱ्या मी पाठमोरी उतरत होते. आणि रविवारी प्रभूभोजन. वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकले, भाकर घेतली, द्राक्षारस घेतला, बाकीची मंडळी उठली... आणि मी तिथंच! पुढची रांग आली, तीही जाऊन बसली, मी तिथंच! पाद्रीणबाईंना वाटलं, ही बाई आज फारच गहिवरलीय, त्यांनी मला दुसऱ्यांदा भाकर दिली! शेवटी गुनवोर आली, माझ्या काखेत एक हात घातला आणि मला उचललं. एका हातानं! पिशवी उचलावी तशी! तेव्हाच मला कळायला हवं होतं की नाही? नुसती लोकर विणणारी बाई माणूस उचलते का एका हातानं?

पण मी भोळी. दर रविवारी चर्च सुटलं की ती म्हणायची, "चल बाई, मी सोफ्यावर. ब्लँकेट, विणकाम आणि मी. विश्रांती म्हणजे विश्रांती!" आणि मी मान डोलवायची. बरोबर आहे, देवानं सहा दिवस काम केलं, सातव्या दिवशी बसला.

आता तुम्ही विचाराल, तू बसायचीस का गं? ...बसायचे. म्हणजे, बसायचेच. म्हणजे जेवण झालं की जरा सरपणाच्या खोपटामागं जाऊन तीस वेळा ओंडका घेऊन बसायचे. उठायचेही. पण ते माझ्यासाठी होतं का? गुनवोरला माझं ओझं होऊ नये म्हणून होतं! त्याला काय कुणी व्यायाम म्हणतं?

आला दौडीचा दिवस. चॅपेलचं दार दुपारी चारला बंद होतं, आणि चावी सांभाळणारा तो उल्व घड्याळाचा पक्का, चार वाजून एक मिनिटालाही पाद्रीणबाईंना बाहेर ठेवील. आम्ही सातला निघालो. पावलाला पाऊल. वीस किलोमीटर अगदी सख्ख्या बहिणींसारख्या! एकविसाव्याला सरबताचं टेबल, आणि टेबलामागं कोण? तोर्लाइफ. रविवारी बर्फाच्या स्कूटरवर बसून स्कीची वाट आखतो ना, तेवढंच डॉक्टरांनी त्याला करू दिलंय, म्हणून दौडीच्या मंडळानं त्याला तिथं उभं केलेलं. आणि हा काळ्या बेरींचं गरम सरबत पुढं करत ओरडतो काय, "शाबास गुनवोर! आता रविवारसारखी सूट!"

रविवारसारखी?

मी गुनवोरकडं पाहिलं. गुनवोरनं सरबताकडं पाहिलं. म्हणाली, "आज अंगच हलकं वाटतंय गं, मी जरा पुढं होते." आणि सुटली! अहो, बाई कसली, घसरत सुटलेला ओंडका तो! वळणावर नुसती लाल टोपी दिसली, मग तीही नाही.

मी म्हटलं, "तोर्लाइफ, रविवारी काय?" तो म्हणतो, "कुठं काय?" मी म्हटलं, "दाढीत काय आहे?" त्यानं हात लावला आणि चेहरा पडला. वॉफलचा तुकडा, गुनवोर भाजते तसला, लोण्यात थबथबलेला! आणि वर तपकिरी चीज! ते चीज, जे डॉक्टरांनी बंद केलंय, जे मी मेंढरं मोजावीत तसं फ्रिजमध्ये मोजून ठेवते! म्हणजे ही दहा रविवार डोंगरावर पळत होती, हा आपल्या स्कूटरवरून बघत होता, आणि त्यानं गप्प राहावं म्हणून ती त्याला वॉफल चारत होती! दौडीच्या दिवसाचाही हप्ता सकाळीच पोचला होता! अहो, ज्या हृदयासाठी मी बेचाळीस किलोमीटर बोलले, त्याच हृदयात लोणी! आणि लोणी घालणारी माझी मैत्रीण!

पुढचे एकवीस कसे गेले, विचारू नका. तिसाव्या किलोमीटरला मांड्यांनी राजीनामा दिला. दर रविवारचे ते तीस ओंडके एकदम अंगावर आले. तिथं कळलं, देव सातव्या दिवशी का बसला! पावणेचार वाजले तेव्हा चॅपेल डोंगराच्या उतारावर काडेपेटीएवढं दिसत होतं. मी रडत होते, घसरत होते, देवाला म्हणत होते, मला जरा उशीर होईल, तू तरी जाऊ नकोस.

पोचले. सव्वाचार.

दार उघडं! आणि उंबऱ्यावर, स्की आडव्या टाकून, लाल टोपी घालून गुनवोर बसलेली. उल्व चावी हलवत ओरडतोय, "बाई, उठा, मला कुलूप लावायचंय!" आणि ही म्हणतेय, "लाव की. माझ्यासकट लाव." चाळीस मिनिटं बसली होती! हे तिनं आधी ठरवून पळ काढला की पोचल्यावर सुचलं, ते त्या एका देवालाच ठाऊक. खिशातून मेणबत्ती काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तुझी तूच लाव."

लावली. तिनं ज्योतीला हाताचा आडोसा धरला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तू मला फसवलंस." तर म्हणाली, "रविवारी पळायचे, पण सोमवार-मंगळवार खरंच झोपून असायचे! मी विश्रांती चुकवली नाही, नुसता वार बदलला. तू कधी झोपलीस?"

तर यंदा आम्ही दोघींनी नवा नवस बोललाय. तोर्लाइफचा रक्ताचा अहवाल चांगला यावा म्हणून सात रविवार काहीही न करण्याचा. तुम्हाला सांगते, बेचाळीस किलोमीटर परवडले! चर्च सुटलं की दोघी आमच्याच सोफ्यावर, एका ब्लँकेटखाली, एकमेकींवर पहारा ठेवून. आणि परवाच्या रविवारी मला ब्लँकेट हलताना दिसलं. बाई विणता विणता हळूच मांडी आवळतेय, सोडतेय, आवळतेय, सोडतेय...

आणि मी? मी पोटऱ्या आवळत होते.