सायकल चालवतेस ना, पुरे

न्हाणीघरात पाय घसरून बायकोचं खुब्याचं हाड मोडलं होतं. अकराव्या दिवशी सकाळी वॉर्डबाहेर डॉक्टरांनी म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हाच तो काय ते समजला. महिन्याने तो व्यायामवर्गाच्या यादीतून तिचं नाव काढायला आला. बाकावर शेजारी एक वयस्कर जोडपं वाद घालत बसलं होतं.

“मी रोज तीस किलोमीटर सायकल मारतो. मला वजनं कशाला?”

“खाली बसलात की उठायला माझा खांदा लागतो, म्हणून.”

“ते गुडघ्याचं दुखणं.”

“डॉक्टर काय म्हणाले? सायकलने दम वाढतो, हाडांना वजनंच लागतात.”

“या वयात आखाड्यात उतरू?”

“उतरू नका. न्हाणीघरात पडू नका, एवढंच.”

“अहो, तुम्ही तरी हिला सांगा. पँटला चिमटा आहे, म्हणजे सायकलवालेच तुम्ही.”

“वजनं उचला,” म्हातारा म्हणाला.

“घ्या, घरचं झालं थोडं. तुम्ही उचलता का?”

“नाही. आमची ही उचलणार होती. इथे नावही घातलं होतं. मीच म्हणालो, सायकल चालवतेस ना, पुरे.”

“मग आता येतात का त्या?”

म्हाताऱ्याने पँटचा चिमटा काढला आणि पुन्हा लावला.

“उठा,” बाई नवऱ्याला हळूच म्हणाली, “आपला नंबर आला.”

या वेळी नवऱ्याने तिचा खांदा धरला नाही. दोनदा जोर लावून तो आपला आपण उठला.

नंतर नावनोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “काका, नाव?”

म्हाताऱ्याने स्वतःचं सांगितलं. त्यांनी ते यादीत लिहून घेतलं.

बायकोचं काढायचं अजून राहिलं आहे.