करणाऱ्याचा कोपर

टाळ जरा थांबवा. बुवा, मृदंगावर नुसता हात ठेवा — अस्सं! मंडळी, ऐका. आज एकच गोष्ट विचारतो. चोर चोरी का लपवतो?

सोपं आहे! मार बसेल म्हणून! पोरगं मार्कांचा कागद दप्तरात का दडवतं? तेच कारण! वाईट काम माणूस लपवतो, हे आपल्याला समजतं. पण मला सांगा — चांगलं काम माणूस का लपवतो?

आता मागच्या खांबापासून आवाज येईल, "महाराज, दान गुपचूप करावं, असं तुम्हीच मागल्या वर्षी सांगितलं!" सांगितलं! नाही म्हणत नाही! पण बाबा, लपवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक जण लपवतो, कारण त्याला वाहवा नको. दुसरा लपवतो, कारण लोक हसतील! पहिल्याचं देव बघून घेईल. आजचं आख्यान दुसऱ्याचं. आणि ते रानात घडलं नाही, दरबारात घडलं नाही. स्वयंपाकघरात घडलं! ओट्यापाशी!

बघा, बायका लगेच सावरून बसल्या!

तर वडूज गावात गुलाबराव खताळ नावाचे एक हवालदार होते. आता निवृत्त. उंची सहा फूट. मिशी अशी, की दोन्ही टोकांवर लिंबू ठेवावं! आवाज असा, की बाजारात "ए!" म्हणाले की ज्याला म्हटलं तो थांबायचाच, पण ज्याला म्हटलं नाही तोही थांबायचा! आणि त्यांची बायको केशरबाई. उंची त्यांच्या छातीपर्यंत. बोलणं हळू. पण हाताला चव म्हणाल तर, सुतार आळीत कुणाचंही लग्न ठरलं की पाहुण्यांना पुरणपोळी केशरबाईंची!

मग काय झालं? वाताने बाईंची बोटं धरली. आधी सकाळी आखडायची, दुपारी सुटायची. पुढे दुपारीही सुटेनात. बोटं वाकडी झाली. एके दिवशी गुलाबराव बाहेरून आले, तर केशरबाई परातीपुढे बसलेल्या. पिठाचा गोळा तसाच. थापायला जावं तर पंजा पसरत नाही. डोळ्यांतून टिपं.

"काय झालं?"

"काही नाही. आज भाकरी होत नाही माझ्याच्यानं."

मंडळी, तीस वर्षं पोलिसात काढलेला माणूस. दंगलीत पुढे उभा राहिलेला. त्याला काय करावं कळेना! त्यानं टोपी काढली, बाह्या सरसावल्या, परातीपुढे मांडी ठोकली. म्हणाला, "सांग कशी थापायची."

पहिली भाकरी उचलली, ती दोन हातांत दोन तुकडे! दुसरी तव्यावर पडली ती घडी होऊन! तिसरी... तिसरी कुत्र्याला घातली, कुत्र्यानं हुंगली आणि लांब जाऊन बसलं! हसू नका बुवा, तुमची तरी कुठं गोल होते? पण बाई डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. अन् त्या हसण्यासाठी गुलाबरावांनी चौथी थापली.

तीन वर्षं! तीन वर्षं त्या घरात स्वयंपाक हवालदारांनी केला. केशरबाई बाजूला बसून सांगायच्या, हे करायचे. आमटी आली. पुरण आलं. बोट लावून पाक ओळखता यायला लागला!

पण एक अट होती — बाहेर कुणाला कळता कामा नये! स्वयंपाकघराच्या खिडकीला त्यांनी वर्तमानपत्र चिकटवलं. कुणी दार वाजवलं की हात पुसून, ओसरीवर येऊन, मिशीवर ताव! लोक काय म्हणतील? "हवालदार पोळ्या लाटतो!" अन् मनाशी म्हणायचे, मी हे हिच्यासाठी लपवतो. लोकांनी हिची कीव करू नये. आपल्या मनाला फसवायला फार अक्कल लागत नाही हो, आपण सगळे त्यात हुशार!

आणि केशरबाई? संक्रांतीला शेजारच्या शेवंताबाई आल्या. गुळपोळीचा तुकडा तोंडात टाकला अन् म्हणाल्या, "वहिनी, काय हात आहे तुमचा!" केशरबाईंनी तो हात पदराखाली घेतला. त्या गेल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, दुसऱ्याच्या कष्टाची वाहवा माझ्या घशाखाली उतरत नाही."

"दुसरा कोण? मी का दुसरा?"

बाईंनी उरलेली पोळी झाकून ठेवली.

आता ओट्याकडे या. ओटा जुना, कडप्प्याचा. बाईंच्या उंचीचा, म्हणजे सहा फुटी माणसाला गुडघ्याशी आल्यासारखा! तीन वर्षं त्याच्यावर वाकून वाकून हवालदारांची पाठ धरली. पारावर मित्रांनी विचारलं, तर सांगायचे, "कवायतीचं दुखणं आहे, जुनं!" अन् एक दिवस खोबरं वाटून झाल्यावर त्यांनी वरवंटा जरा जोरात ठेवला — कडाक! कडप्पा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तडकला.

"चला," गुलाबराव म्हणाले, "नवा दगड बघू."

गेले दोघं दुकानात. तिथं ग्रॅनाइटच्या लाद्या ओळीनं उभ्या. पांढरी, तांबडी, ठिपक्याठिपक्याची. दुकानदार म्हणाला, "काकी, पसंती तुमची. साहेबांना काय कळतंय त्यातलं!"

साहेबांनी घटकाभर मिशी कुरवाळली. मग राहवेना! पांढऱ्या लादीवरून हात फिरवला अन् म्हणाले, "ही नको. हळद सांडली की जन्माचा डाग." ठिपक्याच्या लादीपुढे उभे राहिले, "हिच्यावर जिरं सांडलं तर दिसणार कसं? मुंगी कुठली अन् मोहरी कुठली?" मग काळ्याभोर लादीपाशी थबकले. "ही बरी! पीठ राहिलं की लगेच दिसतं, पुसून घेता येतं. पण लिंबाचं पाणी सांडलं तर चमक जाते का हो हिची?"

दुकानदार आ वासून बघतोय! "साहेब, तुम्हाला हे सगळं...?"

"आमच्या हिच्या तोंडून ऐकलेलं!" हवालदार गरजले. केशरबाईंनी तोंडाला पदर लावला. काळी लादी ठरली.

दुसऱ्या दिवशी माप घ्यायला यल्लाप्पा मिस्त्री आले. म्हातारा माणूस, दगडात आयुष्य गेलेलं. नवा ओटा होतोय म्हटल्यावर शेवंताबाई आल्या, त्यांच्याबरोबर आळीतल्या आणखी दोघी आल्या. ओटा एकाच्या घरात होतो, पण बघायचा सगळ्यांनी असतो!

मिस्त्री म्हणाले, "लांबी-रुंदी भिंत सांगते. उंची माणूस सांगतो. करणाऱ्याच्या कोपराखाली चार बोटं, तिथं दगड आला पाहिजे. त्याहून खाली गेला की पाठ जाते, वर गेला की खांदे जातात. कोपर दाखवा कुणाचा ते!"

गुलाबरावांनी केशरबाईंना हळूच पुढे केलं.

"काकी, भाकरी थापल्यासारखा हात धरा."

बाईंनी हात पुढे केला. बोटं उघडेनात. मिस्त्रींनी बघितलं. म्हाताऱ्याची नजर! वर फळीकडे बघितलं. मिठाची बरणी, मसाल्याचा डबा, तेलाची किटली, सगळं सहा फुटांवर! मिस्त्री म्हणाले, "काकी, तेवढा मसाल्याचा डबा काढता का? फळीचंही माप घेतो."

काढणार कशा? टाचा उंचावल्या तरी हात पोचत नाही! केशरबाई डब्याकडे बघतायत, शेवंताबाई केशरबाईंकडे बघतायत, अन् हवालदार छताकडे बघतायत! मंडळी, तीस वर्षं ज्यानं चोर पकडले, तो एका मसाल्याच्या डब्यानं पकडला!

पण मिस्त्री भला माणूस. त्यांनी चारचौघांत शब्द काढला नाही. टेप लावला, कानावरची पेन्सिल काढली. "काकींच्या मापानं बत्तीस इंच. लिहू? नीट सांगा साहेब. एकदा बसवला की वीस वर्षं हलत नाही."

वीस वर्षं! गुलाबरावांच्या पाठीतून कळ गेली. वीस वर्षं वाकून! अन् पलीकडे उभ्या तिघी जणी. संध्याकाळी सगळ्या आळीत होणार, उद्या पारावर होणार. हसतील! छातीत धडधडायला लागलं. दंगलीत धडधडलं नव्हतं तेवढं!

"लिहा," ते म्हणाले. "बत्तीस."

मिस्त्रींनी पेन्सिल टेकवली.

"थांबा मिस्त्री." केशरबाई. हळू बोलणाऱ्या. पण त्या दिवशी शब्द असा पडला, की शेवंताबाई मागे सरकल्या. "खोडा ते. माप ह्यांचं घ्या."

"अगं, काय बोलतेस!"

"खरं तेच बोलते. तीन वर्षं या घरात चूल ह्यांनी सांभाळली. मी नुसती बसून सांगते. शेवंताबाई, संक्रांतीची ती गुळपोळी ह्यांची होती. तुम्ही माझा हात वाखाणला, अन् मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. अहो, माझी बोटं गेली त्याची मला लाज नाही. तुम्ही माझं करता त्याची तुम्हाला लाज वाटते, ते मला लागतं."

बघा मंडळी! ज्याला तो तीन वर्षं बायकोची अब्रू राखणं समजत होता, ते तिच्या काळजात रोज सलत होतं!

गुलाबरावांनी बायकोकडे बघितलं. मग सावकाश पुढे झाले, ओट्यापाशी ताठ उभे राहिले आणि भाकरी थापल्यासारखा हात धरला.

"एकोणचाळीस इंच!" मिस्त्री ओरडले. असे ओरडले, की जणू पोरगा झाला!

आता शेवंताबाईंकडे सगळ्यांचे डोळे. आळीतली बातमी त्यांच्याच तोंडून सुटते. हवालदार वाट बघतायत, आता हसतात, मग हसतात! शेवंताबाई दोन पावलं पुढे आल्या. म्हणाल्या, "भाऊजी... तुमच्या पोळीतला गूळ इतका मऊ राहतो कसा? माझा दगड होतो!"

अन् हवालदारांचं तोंड आपोआप उघडलं. "तुम्ही बेसन कमी भाजता! खमंग वास सुटेपर्यंत भाजा, अन् तीळ बारीक कुटा!" मग त्या दुसरीनं विचारलं, तिसरीनं विचारलं. मिस्त्री टेप गुंडाळत बसले, इकडे पाकशास्त्राची शाळा भरली!

संध्याकाळी पारावर मात्र थट्टा झाली. होणारच! एक जण म्हणाला, "हवालदार, आता सलाम लाटण्यानं करायचा काय?" सगळे खदखदले. गुलाबरावही हसले. आत कुठं तरी टोचलं, खोटं कशाला सांगू? पण घरी निघाले, तर त्यातलेच एक दौंडकर गुरुजी पाठोपाठ आले. वळणापर्यंत चालत आले. मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "गुलाबराव... आमच्या हिचं ऑपरेशन झाल्यापासून मीच करतो. पिठल्यात गाठी होतात हो! काय चुकतं?"

ऐकलंत? एका आळीत दोघं! एकानं खिडकीला कागद चिकटवलाय, दुसऱ्यानं दार लावलंय! दोघांना वाटतं, जगात मी एकटाच! गुलाबराव मध्येच थांबले, गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला. "आधी ताकात पीठ कालवून घ्या, मग फोडणीत सोडा. उद्या घरी या, दाखवतो."

चार दिवसांनी लादी आली. टेम्पो आळीच्या तोंडाशी अडकला! मग काय, चौघांनी खांद्यावर घेतली. "कोपरा सांभाळा! हळू, हळू! अरे उंबरा!" सगळी आळी पुढे-मागे, जणू पालखीच निघाली! मिस्त्रींनी सिमेंट पसरलं, लादी टेकवली, पाणसळ लावली. मधला बुडबुडा थरथरत इकडे गेला, तिकडे गेला, अन् बरोबर मध्ये येऊन थांबला. "बसला!" आणि भांडी धुवायच्या बेसिनसाठी कापलेला तुकडा उरला होता, त्याच्या कडा गोल करून मिस्त्रींनी खिडकीखाली एक बुटका ओटा बांधला. कशाला म्हणे? "काकींना बसून हुकूम सोडायला!"

खिडकीचा कागद केशरबाईंनी आपल्या वाकड्या बोटांनी स्वतः ओढून काढला. सिमेंट सुकायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पुरण शिजलं. हवालदार पहिल्यांदा ताठ उभे राहून पोळी लाटत होते. पाठीत कळ नाही! खिडकीतून शेवंताबाई, दारातून गुरुजी, आणि बुटक्या ओट्यापाशी केशरबाई.

"आच कमी करा!"

"होय साहेब!" अन् पिठाच्या हातानं सलाम! मिशी पांढरीफेक!

पहिली पोळी फुगली. गुलाबरावांनी तुपाचा चमचा सोडला, घास मोडून बायकोच्या तोंडात दिला. शेवंताबाईंनी विचारलं, "कशी झालीय, वहिनी?" अन् केशरबाई भरल्या तोंडानं, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "माझ्याहून चांगली झालीय!" तीन वर्षांत तो घास पहिल्यांदा सुखानं घशाखाली उतरला.

हसलात ना? खूप हसलात! आता मी तुमच्याकडे वळतो. इथं बसलेल्यांत कुणी म्हाताऱ्या बापाला रोज अंघोळ घालत असेल, अन् बाहेर सांगत असेल, "माणूस ठेवलाय." कुणी पोरीच्या वेण्या घालत असेल, अन् शाळेच्या दारात तोंड चुकवत असेल. कुणी भांडलेल्या भावाच्या उशाशी दवाखान्यात बसून येतो, अन् घरी म्हणतो, "कामाला गेलो होतो." अरे, कशाला? ज्याचं तुम्ही करता, त्याला ते कळत असतं. आपलं करणाऱ्याला त्याची लाज वाटते, हेही कळत असतं! अन् तुमच्या शेजारी बसलेला, तेच काम दार लावून करणारा माणूस एकटा पडतो तो निराळाच. वाहवा मिळवायला सांगू नका. पण कुणी विचारलं, "हे कोण करतं?" तर मान वर करून म्हणा, "मी." एवढंच! एक अक्षर आहे, जड नाही!

आणि त्याची सुरुवात इथंच करू. गेला तासभर बघतोय, पुढच्या रांगेतले कित्येक पुरुष नाम ओठांतल्या ओठांत घेतायत. का? शेजारचा ऐकेल! आवाज बरा नाही! अहो, देवानं कुणाचा गळा तपासलाय आजवर? चला बुवा, धरा ठेका! लाज चपलांपाशी ठेवा, अन् घरी जाताना उचलू नका! म्हणा मोठ्यानं — विठ्ठल! विठ्ठल!